मागं भिंत व्हती

मला 'सर' म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली ते आठवत नाही. मी ते थांबवलं नाही, एवढं मात्र नक्की आठवतं.

वारूळवाडीत माझं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे, मुलीच्या नावानं, 'समृद्धी फोटो'. पासपोर्ट फोटो, आधारच्या झेरॉक्स आणि लग्नसराईत पाच-सहा ऑर्डरी, असं वीस वर्षं चाललंय. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांचा सुनीलभाऊ होतो, नाहीतर नुसता 'ओ फोटोवाले'. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर बंद होतं, हाताला काम नव्हतं, म्हणून यूट्यूबवर चॅनेल काढलं आणि कॅमेऱ्याची माहिती मराठीत सांगायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "खूप छान माहिती दिली सर." ते वाचलं आणि पुढचा व्हिडिओ मी इस्त्रीचा शर्ट घालून केला.

"दहावीला दोनदा बसलात," माझी बायको हर्षाली म्हणाली, "आणि आता घरबसल्या सर झालात!"

मी हसण्यावारी नेलं, पण झोंबलं. मग चॅनेलचं नावच 'सुनील सर' करून टाकलं आणि तसा बोर्डही दुकानात लावला. मी असा आहे. कुणी चिमटा काढला की तिथंच आणखी फुगतो.

आमचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ म्हणजे 'दहा हजारांत लेन्सची राणी! नवशिक्यांनी हीच घ्यावी'. एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिला. त्यात मी पन्नास एमएमच्या फिक्स लेन्सची आरती ओवाळली होती. फिक्स म्हणजे जिला झूम नसतं, लांबचं जवळ ओढता येत नाही आणि जवळचं लांब ढकलता येत नाही. पण ती स्वस्त असते, अंधाऱ्या जागीही भरपूर उजेड घेते, आणि मागचं सगळं धूसर करून माणसाचा चेहरा तेवढा उठून दाखवते. इथपर्यंत सगळं खरं आहे. त्यापुढं माझी गाडी घसरली. "डोळ्याला दिसतं तस्संच हिच्यातून दिसतं," असं मी ठोकून दिलं. "झूम हवंच कशाला? देवानं पाय दिलेत, पुढं-मागं व्हा." कॅमेऱ्याबरोबर मिळते ती अठरा-पंचावन्नची किट लेन्स हातात धरून म्हणालो, "हा डबा. हा आजच विकून टाका." आणि शेवटी छातीवर हात ठेवून, "मी स्वतः तीन वर्षं हीच पन्नासची वापरतोय."

मी ती लेन्स तीन वर्षं वापरली नव्हती. दोन दिवस वापरली होती. ओतूरच्या रामनाथनं मेमरी कार्डातले गेलेले फोटो काढून द्यायला कॅमेरा दुकानात ठेवला होता, त्यावरची लेन्स काढून मी व्हिडिओ केला. माझी स्वतःची सगळी लग्नं, सगळी बारशी त्या 'डब्या'वरच निघालीत. बोललो ते तीन हिंदी व्हिडिओ पाहून वहीत उतरवलेलं होतं. त्यातल्या एकानं मध्येच एक वाक्य टाकलं होतं, की आपल्यासारख्यांकडं जे साधे कॅमेरे असतात त्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली पाटी, लहान, त्यावर हीच पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते, बारक्या खोलीत माणसं मावत नाहीत. ते मला धड कळलं नाही. कळलं नाही म्हणून मी ते गाळलं.

जानेवारीत एका बुधवारी दुपारी ज्योत्स्ना दुकानात आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. गळ्यात कॅमेऱ्याची बॅग, हातात वही.

"सर, मी ज्योत्स्ना. पिंपळवंडीची. आळेफाट्याला मेडिकलमधी कामाला हाये. तुमचे सगळे व्हिडिओ पाहिलेत."

झेरॉक्सला तीन-चार जण उभे होते. आमच्याच वाडीतले चिमाजी आबा सातबारा घेऊन बाकावर टेकले होते. मी मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणालो, "बोल बाळा, काय अडचण आहे?"

तिनं सेकंडहँड कॅमेरा घेतला होता. माझं ऐकून त्याच्यासोबतची किट लेन्स विकली, वर पगारातले पैसे घातले आणि पन्नासची घेतली. तिचे चुलते सोपानकाका पारगावला राहतात. साखर कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांना सजवलेल्या जीपमधून वाजतगाजत घरी आणलं, आणि फोटो काढायचं काम पुतणीला दिलं. तिची ती पहिलीच ऑर्डर. काकांची एकच हौस होती. त्यांची आई, अंजनाआजी, दिवाळीत पडली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवरच. खाट बाहेर आणता येत नाही. तेव्हा खाटेवर आजी, भोवती सगळं घर, वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मांडीवर रुपेशचं, म्हणजे काकांच्या मुलाचं, चार महिन्यांचं बाळ. चार पिढ्या एका फोटोत. हा फोटो चांगला निघाला तर मे महिन्यातलं धाकट्या मुलीचं लग्नही ज्योत्स्नाच काढणार, असं काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

तिनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवले. एकात आजी आणि डावीकडची माणसं. दुसऱ्यात काका आणि उजवीकडची. तिसऱ्यात काकूंचा अर्धाच चेहरा. तसबिरी कुठल्याच फोटोत नाहीत.

"चौदा माणसं व्हती सर. मावंनातच. शेवटी रुपेशदादानं मोबाईलवर काढला. सगळे हसले. काका म्हनले, 'येवढा कॅमेरा घिऊन काय उपेग, मोबाईल बरा की.'" तिनं स्क्रीन बंद केली. "आन मोबाईलवरचा मोठा करून आनला तर चेहऱ्यांना पीठ लावल्यागत दिसतंय. काकांनी तो भिंतीला लावलाच न्हाई. सर, माझं काय चुकलं?"

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ती वही उघडून, पेन धरून उभी होती. खरं सांगायला एवढी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार होती? पण बाकावर चिमाजी आबा होते, झेरॉक्सवाले होते आणि माझ्या डोक्यावर 'सुनील सर'चा बोर्ड होता.

"मागं सरकायचं ना," मी म्हणालो.

"मागं भिंत व्हती, सर."

एक जण फसकन हसला. 

"तसं नव्हे. अँगल चुकला तुझा," मी म्हणालो. "खोली लहान असली की अँगलला महत्त्व असतं."

तिनं वहीत 'अँगल' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. ती रेघ मला अजून दिसते.

"सर, तुमी तुमच्या लेन्सनं कसं काढता ते एकदा दावता का? हितंच दुकानात?"

"सर्व्हिसिंगला दिलीय."

"मग रविवारी पारगावला याल का? माझीच लेन्स वापरा. रुपेशदादा सोमवारी बडोद्याला कामावर परत जानार, मग दिवाळीशिवाय येत न्हाई. आन आजीचं..." तिनं वही मिटली. "एकदाच दावा सर, माझ्याकडनं कुठं चुकतंय ते."

मी कामाचं कारण शोधत होतो तोच चिमाजी आबा बाकावरून म्हणाले, "जावा की सर. पोरगी येवढं म्हनतीया. तुमी नाय दावनार तर कोन दावनार?"

त्यांनी मला कधी सर म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले आणि मी गेलो हरभऱ्याच्या झाडावर. "येतो," म्हणालो.

शनिवारी रामनाथला फोन लावला. ती लेन्स एक दिवस उसनी मिळाली तर घरी सराव करून बघू, एवढाच विचार.

"ती? ती कधीच इकली राव," तो म्हणाला. "घरात कुनी मावतच न्हाई तिच्यात. शेतात उभं ऱ्हाऊन गायीचे फोटू काढायला बरी. पन तुमी तर व्हिडिओत लई कौतुक केलं व्हतं तिचं!"

मी फोन ठेवला. रामनाथला कळलं होतं, आणि मी एक्केचाळीस हजार लोकांना शिकवून बसलो होतो. तिथं जाऊन सरळ खरं सांगायचं, असं मी ठरवलं. हो, ठरवलं होतं. पण बॅग भरताना माझी किट लेन्स रुमालात गुंडाळून आतल्या कप्प्यात सारली. खरंच सांगायचं असतं तर ती लपवायची काय गरज होती? माणूस स्वतःलाही किती गोड बोलून फसवतो ते मला त्या रुमालावरून कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी कळंब, मंचर करत गाडीवर पारगावला पोचलो. उसाच्या तोडी चालू होत्या, ट्रॅक्टरच्या मागून हळूहळू जावं लागलं, त्यामुळं विचार करायला वेळ भरपूर मिळाला. पहिलं वाक्यही तयार केलं होतं: "काका, त्या दिवशी पोरीची चूक नव्हती." गाडी अंगणात लावेपर्यंत ते मी चार वेळा म्हणून पाहिलं.

"जय भीम सर, या या!" सोपानकाका पायरी उतरून पुढं आले. उंच, पांढरी मिशी, कडक इस्त्रीचा सदरा.

"जय भीम," म्हणालो आणि वाक्य सुरू करणार तोच त्यांनी हात धरून मला खुर्चीवर बसवलं. अंगणात लाल खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारचे चार-पाच जण आले होते. काकूंनी ताट आणलं, त्यात गुलाबाचं फूल आणि घडी घातलेली शाल.

"आमच्या ज्योत्स्नाचे गुरू आज आपल्या घरी आले," काका उभं राहून बोलायला लागले. कारखान्याच्या युनियनमध्ये होते, भाषणाची सवय होती. "नारायनगाव-वारूळवाडीपस्नं येवढ्या लांब, एक रुपाया न घेता. अशी मानसं आता ऱ्हायली न्हाईत." मग शाल उलगडून त्यांनी माझ्या खांद्यावर घातली. निवृत्तीत त्यांना एकोणीस शाली आल्या होत्या, त्यातली ही, असं रुपेश मागाहून हसत म्हणाला. टाळ्या वाजल्या. ज्योत्स्ना दारात उभी राहून सगळ्यांत जोरात वाजवत होती.

मी घसा खाकरला. आता सांगावं. सगळे भाषण ऐकायला गप्प झाले. आणि मी म्हणालो, "फोटोग्राफी ही एक साधना आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं याची मला आजही लाज वाटते. त्यापुढं पाच मिनिटं काय बोललो ते आठवत नाही, आठवावंसंही वाटत नाही.

मग आत गेलो. दहा बाय दहाची खोली. समोरच्या भिंतीला खाट, खाटेवर अंजनाआजी उशीला टेकून बसलेल्या. काडीसारख्या बारीक झाल्या होत्या, पण लुगडं स्वच्छ, केस चापून बसवलेले. वर दोन तसबिरी, त्यांना नवा हार. खाटेभोवती माणसं उभी राहिली की कॅमेऱ्याला उरतात तीन पावलं, आणि मग भिंत. त्या भिंतीला मी पाठ लावून पाहिली. गार लागली. ज्योत्स्ना त्या दिवशी इथंच उभी होती. तिच्यापुढं चौदा माणसं, मागं भिंत, आणि डोक्यात माझं 'देवानं पाय दिलेत'.

ती माणसं लावत होती. "काकू, जरा आत व्हा. दादा, बाळाचं तोंड हिकडं." मी तिचा कॅमेरा उचलला, माझी बॅग खांद्याला होतीच. "काच जरा पुसून घेतो," म्हणालो आणि मागच्या दारानं पाण्याच्या टाकीपाशी गेलो.

तिचा आणि माझा कॅमेरा एकाच कंपनीचा होता. नसता तर बरं झालं असतं. तिची पन्नासची काढून खिशात टाकली, रुमाल सोडून माझा डबा चढवला. सगळं मिळून अर्धं मिनिट. आत येताना लेन्सवर शालीचा पदर घेतला. सत्काराची शाल अशी उपयोगाला आली.

"ज्योत्स्ना, तूपण बस पुढं," मी म्हणालो. "घरातली आहेस तू." हे मी प्रेमानं म्हटलं असं सगळ्यांना वाटलं. मला ती माझ्या बाजूला नको होती.

ती आजीच्या पायापाशी बसली. मी झूम पार मागं घेतलं, अठरावर, जिथं सगळ्यात जास्त मावतं. चौदाच्या चौदा माणसं, पंधरावी ज्योत्स्ना, खाट, बाळ, दोन्ही तसबिरी, वरचा हारसुद्धा, सगळं आत. तीन फोटो काढले. रुपेशनं स्क्रीन पाहिली आणि ओरडलाच, "आयला! सगळे आले!"

कॅमेरा हातोहात फिरला. काकांनी चष्मा लावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ज्योत्स्नाकडं वळले.

"बग, पोरी. कॅमेरा तोच, लेन्स तीच, खोली तीच. म्हंजे खोट त्याच्यात नव्हती. हात पायजे, हात!"

ज्योत्स्ना माझ्याकडं बघत होती. मी शालीचा काठ नीट करत होतो.

"व्हय काका," ती म्हणाली. "माझंच चुकलं व्हतं."

"शिकशील. पन मे मधलं लगीन आता सरच काढतील. तू त्यांच्या हाताखाली बॅग धर, चार गोष्टी शिक. काय सर?"

"बघू," मी म्हणालो.

'बघू' म्हणजे आपल्याकडं 'हो'च असतं. तिचं काम मी त्या एका शब्दात काढून घेतलं. तेही तिच्याच घरात, तिच्याच कॅमेऱ्यावर.

चहा आला.  कुणाच्या तोंडाकडं बघायला नको म्हणून मी कॅमेरा मांडीवर घेऊन स्क्रीन पाहत बसलो. फोटो खरंच चांगला होता. सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसत होते. फक्त ज्योत्स्नाची नजर एक बोटभर खाली होती. ती लेन्सकडं बघत होती. मी क्लिक करायच्या आधीच तिला कळलं होतं.

बटण दाबत दाबत मागं गेलो. अर्धे चेहरे, तुटलेले खांदे, निवृत्तीच्या दिवसाची ती सगळी फजिती. आणि त्यात मध्येच एक फोटो.

नुसत्या अंजनाआजी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी काढला असावा. खिडकीचा उजेड एका गालावर. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट, डोळे बाळाकडं लागलेले, ओठ काहीतरी म्हणताहेत. मागची भिंत, दोरीवरचे कपडे, औषधांची पिशवी सगळं विरून गेलेलं. बघताना मला वाटलं, आजी आता माझ्याशीच बोलतील. ही पन्नासची लेन्स कशासाठी असते ते मी एक्केचाळीस हजार लोकांना सांगितलं होतं. ते समजलं होतं हिला, माझ्याकडून शिकूनसुद्धा. वीस वर्षांत मी असा एक फोटो काढलेला नाही. आणि हा फोटो कुणी पाहिलाही नव्हता. हसण्याच्या गडबडीत तो तसाच राहिला होता.

मी उठून मागच्या दारानं टाकीपाशी गेलो. पाठोपाठ ज्योत्स्ना आली आणि हात पुढं केला.

"सर, माझी लेन्स."

मी खिशातून काढून दिली. पायाखालची जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं.

"कधी कळलं?"

"पुढनंच दिसतं की. माझी बुटकी हाये, ही लांब. आन फोटोच्या माहितीत अठरा लिवलंय." तिनं लेन्स ओढणीच्या टोकानं पुसली. "तुमच्या व्हिडिओतच सांगितलं व्हतं, माहितीचं बटन कसं दाबायचं ते."

"मग तिथं बोलली का नाहीस? काका एवढं बोलले तुला."

"तुमच्या अंगावर शाल व्हती, सर."

एवढंच म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. आपल्या घरी बोलवून, मान देऊन बसवलेल्या माणसाला चारचौघांत खाली बघायला कसं लावायचं, असा साधा हिशेब होता तिचा. त्यासाठी तिनं स्वतः खाली पाहिलं होतं. मी तिच्या दुप्पट वयाचा माणूस, आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना.

मी आत गेलो. काका आजींना चहा बशीत ओतून देत होते.

"काका," मी म्हणालो, "हा फोटो ज्योत्स्नाच्या लेन्सनं काढलेला नाही. माझी दुसरी लेन्स आहे ही. टाकीपाशी बदलली. तिच्या लेन्समध्ये या खोलीत चौदा माणसं मावणारच नाहीत, मी काढला तरी, कुणीही काढला तरी. ती लेन्स मी दोन दिवससुद्धा धड वापरलेली नाही. वापरतो असं खोटंच सांगितलं. आणि जिच्यात मावली असती, ती विकायला तिला मीच सांगितलं होतं."

बाहेर ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं, ते सगळ्या खोलीभर ऐकू आलं. रुपेश माझ्याकडं बघत होता, मग त्यानं मान फिरवली. ते बघवलं नाही.

काकांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे त्या दिवशी पोरीचं काईच चुकलं नव्हतं?"

"नाही."

"आन मी तिला समद्यांत बोललो. आत्ता पुन्यांदा बोललो."

 मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. स्क्रीनवर आजींचा फोटो होता.

"हा ज्योत्स्नानं काढलाय. तिच्याच लेन्सनं, त्याच दिवशी. मला असा काढता येत नाही, काका. लग्न तिलाच काढू द्या."

काकांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग कॅमेरा आजींच्या डोळ्यांपाशी नेला. "आई, बग."

आजींनी मान वाकडी करून पाहिलं. "ही कोन?"

"तूच की."

"मी? येवढी ग्वाड?" आजी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

काकांनी दाराकडं पाहून हाक मारली, "ज्योत्स्ना, हिकडं ये."  आता त्यांचं त्यांना बोलायचं होतं, तिथं माझं काम नव्हतं. मी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि खाटेच्या कडेला ठेवली.

"उचला ती," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "दिल्याली शाल आमी परत घेत न्हाई. घरी न्या."

मी उचलली. किट लेन्स ज्योत्स्नाच्या कॅमेऱ्यावरच राहू दिली. ती विकायला मीच लावली होती तिला, तेव्हा एक परत करणं भागच होतं. निरोप घ्यायला मी दारात थांबलो, तर "सावकाश जा," एवढं काकू म्हणाल्या. 

ऊन असताना घरी पोचलो. हर्षालीनं शाल हातात घेऊन कापड चोळून पाहिलं. आमच्याकडं आलेल्या शाली कपाटात वरच्या कप्प्यात जातात आणि पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला बाहेर पडतात. सगळ्यांच्याच घरी तसं असतं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "समृद्धीच्या शाळेत बाईंचा निरोप समारंभ आहे, त्यांना होईल."

"ही नको देऊस कुणाला."

"का? कशाबद्दल मिळाली एवढी?"

मी तिला सगळं सांगितलं. टाकी, रुमाल, 'साधना', 'बघू', काहीच वगळलं नाही. मला वाटलं आता चिमटा येणार. तिनं शाल माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. तिनं थट्टा केली असती तर मला हलकं वाटलं असतं.

मोबाईल वाजला. लेन्सच्या राणीखाली नवीन कॉमेंट आली होती. कुणा मुलानं लिहिलं होतं, "धन्यवाद सर. आज पन्नासची ऑर्डर केली. उद्या किट लेन्स विकतोय."

मी व्हिडिओ पाहिलेल्यांचा आकडा बघितला. एक्केचाळीस हजार तीनशे. यातले किती जण कुठल्या कुठल्या घरात भिंतीला पाठ लावून उभे राहिले असतील, आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मान खाली घालून बाहेर आले असतील? कुणी मला विचारायलासुद्धा आलं नव्हतं. ज्योत्स्ना एकटी आली होती, आणि तिला मी अँगल सांगितला होता.

व्हिडिओ काढून टाकायला बोट गेलं, पण त्यानं आधीच्यांना काय कळणार होतं? तो व्हिडिओ नंतर खरं सांगून पुन्हा करायचाच. आधी या मुलाला थांबवायला हवं होतं. मी लिहिलं, "किट लेन्स विकू नका. मी चुकीचं सांगितलं आहे. आधी मला सांगा, तुम्ही फोटो कुठं काढणार? तुमच्या घरातली खोली केवढी आहे?"

हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. शाल मांडीवर तशीच होती. दोन मिनिटांनी उत्तर आलं.

"दहा बाय दहा, सर. का बरं?"